एकच ग्राही जनुक, प्रत्येक ऊतीत निराळी सुरुवात : लघुप्रकल्प कसा आखावा

पुण्यात जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या सत्रात चार-पाच महिन्यांचा लघुप्रकल्प करावा लागतो. ज्याला संप्रेरकांची आवड आहे, तो माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : अमुक संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याला बांधून घेणारे पेशीचे प्रथिन, कोणत्या ऊतीत किती असते? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर सार्वजनिक डेटाबेसमध्ये एका दुपारी सापडते आणि त्यातून नियमनाविषयी फारसे काही कळत नाही. यकृतात आणि गर्भाशयात एकाच ग्राही जनुकाचा आरएनए, म्हणजे जनुकाची प्रत, सापडला, तरी तो दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रमोटरपासून (प्रत काढणे जेथून सुरू होते त्या डीएनएच्या भागापासून) आणि वेगवेगळ्या नियंत्रक प्रथिनांच्या हुकमाने तयार झालेला असू शकतो. म्हणून ‘किती’च्या आधी ‘कोठून’ हे विचारावे, असा माझा आग्रह असतो, आणि पुढील मार्गदर्शन त्या एका आग्रहाभोवतीच लिहिले आहे.

ग्राही ही कल्पनाच मुळात ऊतींमधील फरकातून पुढे आली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी ट्रिशियमने (किरणोत्सारी हायड्रोजनने) चिन्हांकित केलेले इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन गटातील संप्रेरक अपरिपक्व मादी रॅटना दिले, तेव्हा रक्तातून ते सगळीकडे पोहोचले. परंतु गर्भाशय आणि योनीमार्गाच्या ऊतींनी ते धरून ठेवले, तर इतर ऊतींतून ते निघून गेले. त्याच्या ग्राहीचे जनुक हाती यायला त्यानंतर १९८६ साल उजाडावे लागले.

जनुकाची निवड

माणसात केंद्रकीय (पेशीकेंद्रकात जाऊन जनुकांवर काम करणाऱ्या) ग्राहींची ४८ जनुके आहेत आणि पेशीपटलावरील संप्रेरक ग्राही त्याशिवाय. यातून आपल्याला एकच जनुक आणि जास्तीत जास्त तीन ऊती निवडायच्या आहेत. पाच जनुके आणि दहा ऊतींचा तक्ता प्रबंधात भारदस्त दिसतो, परंतु तोंडी परीक्षेत त्यातील एकाही चौकटीचे स्पष्टीकरण देता येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

इस्ट्रोजेन ग्राही अल्फाचे जनुक, म्हणजे ईएसआर-१, हे या कामासाठी सर्वांत बोलके उदाहरण होय. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे, त्याचे प्रथिन ५९५ अमिनो आम्लांचे आहे आणि प्रथिनाचा संकेत आठ एक्झॉनांत, म्हणजे अंतिम आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यांत, विभागलेला आहे. मात्र या संकेताच्या अलीकडे सुमारे १५० किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे, अर्थात बेस) पट्ट्यात अनेक प्रमोटर विखुरलेले आहेत आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे देण्याचा प्रघात आहे. स्तनाच्या पेशींत जनुकाजवळच्या ए सारख्या प्रमोटरचा वापर होतो, यकृतात दूरच्या ई प्रमोटरला महत्त्व येते, तर अस्थी घडवणाऱ्या पेशींत एफ प्रमोटर पुढे येतो. प्रत्येक प्रमोटरपासून निघालेल्या प्रतीचा पहिला तुकडा वेगळा असतो. पण तो तुकडा पहिल्या एक्झॉनमधील एका सामाईक जागी जोडला जातो आणि ती जागा प्रथिनाच्या संकेतापूर्वीच येत असल्यामुळे शेवटी प्रथिन तेच बनते.

विद्यार्थ्यांना हे सांगताना मी शनिवारवाड्याचा आधार घेतो. दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ असे त्याला पाच दरवाजे. आत शिरल्यावर वाडा एकच, परंतु कोणत्या दरवाज्यावर कोणाचा पहारा आहे यावरून कोण आत येणार हे ठरते. यकृतातील पहारेकरी वेगळे, स्तनातील वेगळे. स्तनाच्या पेशींत गाटा-३ हे नियंत्रक प्रथिन ईएसआर-१ ला चालना देते आणि ईएसआर-१ चे प्रथिन उलट गाटा-३ च्या जनुकाला चालना देते. अशी परस्परपूरक साखळी ज्या ऊतीत गाटा-३ नाही, तेथे बनूच शकत नाही. उपमा मात्र फार ताणू नये. ई किंवा एफ प्रमोटरपासून निघालेल्या काही प्रती पहिला संकेत-एक्झॉन गाळून थेट दुसऱ्याला जोडल्या जातात, आणि मग सुरुवातीची १७३ अमिनो आम्ले नसलेले, ४६ किलोडाल्टनचे आखूड प्रथिन तयार होते. म्हणजे येथे दरवाजा बदलल्याने कधीकधी वाडाही बदलतो.

प्रोजेस्टेरॉन ग्राहीच्या पीजीआर जनुकात तर असा बदल हाच नियम आहे. दोन प्रमोटरपासून दोन प्रथिने बनतात : बी रूप ९३३ अमिनो आम्लांचे आणि ए रूप सुरुवातीची १६४ आम्ले नसलेले, म्हणजे ७६९ चे. विषय आकर्षक आहे, पण त्यात एक खाच आहे जी विद्यार्थ्याला प्रायमर (ठरावीक क्रम ओळखून मोजणीची सुरुवात करणारे डीएनएचे आखूड तुकडे) मागवल्यानंतर कळते. ए रूपाच्या प्रतीतील जवळजवळ सगळा क्रम बी रूपाच्या प्रतीत अंतर्भूत असल्यामुळे केवळ ए रूप मोजणारा प्रायमर बनवताच येत नाही. बी वेगळे मोजायचे, दोन्ही मिळून मोजायचे आणि वजाबाकी करायची, एवढेच हाती राहते. आणि दोन मापांतील चुका वजाबाकीत एकत्र येतात. पीजीआर निवडायचे असेल तर प्रथिनांच्या पातळीवर वेस्टर्न ब्लॉट (आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने ओळखणे) करण्याची तयारी ठेवूनच निवडावे.

ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचे जनुक, म्हणजे पाचव्या गुणसूत्रावरील एनआर-३-सी-१, हेही चांगले आहे. त्यात प्रथिनाचा संकेत दुसऱ्या एक्झॉनपासून सुरू होतो आणि पहिल्या एक्झॉनचे अनेक पर्याय आहेत, त्यामुळे प्रमोटरचा प्रश्न प्रथिनाच्या प्रश्नापासून स्वच्छ वेगळा काढता येतो. बहुतेक पेशींना डेक्सामेथासोन हे कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड दिले की हा ग्राही कमी होतो. परंतु सीईएम-सी-७ या टी-पेशींच्या ल्युकेमियाच्या वाणात (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींत) तो वाढतो आणि त्यात १-ए या पर्यायाचा सहभाग दिसतो. संप्रेरक तोच, जनुक तेच, परिणाम उलट. मेंदूतील हिपोकॅम्पसशी संबंधित १-एफ या पर्यायावर बरेच लिहिले गेले आहे, विशेषतः २००४ साली रॅटमधील मातृसंगोपनाचे संशोधन प्रसिद्ध झाल्यानंतर. तो मार्ग मी नवशिक्याला सुचवत नाही, कारण एकूण ग्राही आरएनएमध्ये त्या पर्यायाचा वाटा थोडा असतो आणि थोड्या गोष्टीचे मोजमाप नेहमीच अवघड असते.

ज्या महाविद्यालयाकडे रिअल-टाइम पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढत असतानाच त्या मोजणारे) यंत्र नाही, तेथील विद्यार्थ्याने इन्सुलिन ग्राहीचे जनुक घ्यावे. यात प्रमोटरऐवजी आरएनए तयार होताना एक्झॉनांच्या जोडणीचा फरक आहे : अकरावा एक्झॉन गाळला तर ए रूप, ठेवला तर बी रूप. हा एक्झॉन अवघा ३६ बेसचा, म्हणजे १२ अमिनो आम्लांचा. यकृतात प्रामुख्याने बी रूप असते, तर प्लीहा आणि रक्तातील लिम्फोसाइट पेशींत ए रूपाचे प्राबल्य असते. दहाव्या आणि बाराव्या एक्झॉनमध्ये प्रायमर ठेवून साधा पीसीआर केला आणि तीन टक्के अगारोजच्या जेलवर चालवला, की ३६ बेसच्या अंतराने दोन पट्टे डोळ्यांनी दिसतात. प्रकल्प लहान, खर्च माफक, आणि प्रश्न मात्र खरा, कारण ए रूप इन्सुलिनखेरीज इन्सुलिनसदृश वाढघटक-२ लाही घट्ट बांधते.

संगणकावरील टप्पा

पहिले तीन आठवडे प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये. एन्सेम्बल किंवा यूसीएससी जिनोम ब्राउझर उघडून जनुकाच्या सगळ्या प्रतींचा आराखडा कागदावर हाताने काढावा. आजकाल या संकेतस्थळांवर प्रत्येक जनुकाची एक प्रमाण प्रत ठळक दाखवलेली असते आणि विद्यार्थी तिलाच जनुक समजून बसतो. वस्तुतः आपल्याला हव्या असलेल्या पर्यायी पहिल्या एक्झॉनांचा तिच्यात पत्ताही नसतो. शिवाय ईएसआर-१ डावीकडून उजवीकडे वाचले जाते, तर एनआर-३-सी-१, पीजीआर आणि इन्सुलिन ग्राहीचे जनुक हे तिन्ही उलट धाग्यावर आहेत, म्हणून ब्राउझरमध्ये त्यांची सुरुवात उजव्या टोकाला असते. हे लक्षात न घेता ‘जनुकाच्या अलीकडचा’ म्हणून जनुकाच्या पलीकडचा दोन किलोबेसचा क्रम उतरवून घेतलेला प्रबंध माझ्या हाताखालून गेला आहे. तसेच जिनोमची कोणती आवृत्ती वापरली, १९ की ३८, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहून ठेवावे. दोन्हींतील स्थानांक वेगळे असतात आणि जुन्या शोधनिबंधांतील अंक नव्या आवृत्तीत तसेच टाकले की आपण भलत्याच गल्लीत जाऊन उभे राहतो.

त्यानंतर माणसाच्या निरनिराळ्या ऊतींतील आरएनएच्या नोंदींचा जीटीईएक्स हा सार्वजनिक संग्रह पाहावा. त्याच्या आठव्या आवृत्तीत ९४८ मृत्युपश्चात दात्यांचे, ५४ प्रकारच्या ऊतींतील १७,३८२ आरएनए नमुने आहेत. एवढी मोठी संख्या पाहून दडपून जाऊ नये, तर ती कोणाची आहे हे आधी विचारावे. दात्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष आहेत. लैंगिक संप्रेरकांच्या ग्राहींबाबत सर्वांची मिळून काढलेली मध्यम किंमत त्यामुळे दिशाभूल करू शकते, म्हणून स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढावेत. ऋतुचक्राचा दिवस किंवा गर्भारपण यांसारखी माहिती या आकड्यांतून हाती लागत नाही.

यापेक्षाही गंभीर अडचण प्रतीच्या सुरुवातीच्या टोकाची आहे. ईएसआर-१ च्या प्रथिनाचा संकेत जेमतेम १,७८८ बेसचा, पण त्यामागून येणारे भाषांतरित न होणारे शेपूट सुमारे ४,३०० बेसचे. आरएनए थोडा जरी तुटला, तरी आपल्याला मिळणारी बहुतेक वाचने या शेपटीची असतात आणि पहिल्या एक्झॉनचे चित्र अंधूक होते. ‘कोठून’ हा प्रश्न घेऊन साध्या आरएनए अनुक्रमणाकडे गेल्यास तो डेटा नेमका त्याच जागी मुका होतो. येथे जपानमधील रिकेन संस्थेच्या पुढाकाराने झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला फँटम-५ प्रकल्प कामी येतो. त्यात वापरलेले केज हे तंत्र आरएनएच्या सुरुवातीला असलेली टोपी पकडते आणि तेथूनच वाचते, त्यामुळे प्रतिलेखन नेमके कोणत्या बेसपासून सुरू झाले हे कळते. माझी पद्धत अशी : जीटीईएक्समधून ऊतींचा क्रम ठरवावा, फँटम-५ मधून त्या ऊतींतील सुरुवातीच्या जागा घ्याव्यात आणि आपण कागदावर काढलेल्या आराखड्यावर त्या लाल पेन्सिलीने मांडाव्यात. ज्या जागेला ज्ञात पहिला एक्झॉन नाही, ती वगळू नये. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवावे.

मग एन्कोड या सार्वजनिक संग्रहातील क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांच्या) खुणा त्याच आराखड्यावर आणाव्यात. हिस्टोन-३ च्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल गट असतील तर तेथे सहसा सक्रिय प्रमोटर असतो. सत्ताविसाव्या लायसिनवर असिटाइल गट असेल तर सक्रिय प्रमोटर किंवा एन्हान्सर, म्हणजे प्रमोटरला दुरून चालना देणारा भाग. त्याच सत्ताविसाव्यावर तीन मिथाइल गट असतील तर बहुधा दाबून ठेवलेला भाग. यांबरोबर खुल्या क्रोमॅटिनचे मोजमाप जुळले, की दूरचा एखादा प्रमोटर यकृतात उघडा आणि स्तनात बंद आहे असे म्हणायला आधार मिळतो. आधार म्हणजे पुरावा नव्हे, हे मी फळ्यावर लिहून ठेवतो.

नियंत्रक प्रथिने शोधण्याच्या पायरीवर विद्यार्थी सर्वाधिक वाहवत जातात. जास्परसारख्या संग्रहातून बंधनस्थळाचा नमुना घ्यायचा, क्रमावर फिरवायचा आणि सापडलेल्या स्थळांची यादी द्यायची, हे इतके सोपे आहे की ते करूच नये असे वाटू लागते. साधा हिशेब करून पाहा. गाटा प्रथिनांचे स्थळ म्हणजे ए किंवा टी, मग जीएटीए, मग ए किंवा जी. सहा बेसचा कोणताही एक ठरावीक क्रम योगायोगाने ४,०९६ बेसमध्ये एकदा येतो; येथे दोन जागी दोन-दोन पर्याय असल्याने १,०२४ मध्ये एकदा. ईएसआर-१ च्या अलीकडील १५० किलोबेसमध्ये एका धाग्यावर सुमारे १४६ आणि दोन्ही धाग्यांवर मिळून सुमारे २९० ‘गाटा स्थळे’ केवळ नशिबाने मिळतील. म्हणून स्थळ तेव्हाच मांडावे, जेव्हा ते त्या ऊतीत खुल्या असलेल्या क्रोमॅटिनमध्ये पडते, ते नियंत्रक प्रथिन त्या ऊतीत खरोखर व्यक्त होते आणि शक्य असल्यास तेथे त्याचे बंधन क्रोमॅटिन अवक्षेपणाने (प्रथिन त्याला चिकटलेल्या डीएनएसकट वेगळे काढून) दाखवलेले आहे. या तीन चाळण्यांतून २९० पैकी दोन-चार उरली तरी पुष्कळ झाले.

ऊती म्हणजे पेशींचे मिश्रण

या एका मुद्द्यावर मी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळ अडवतो. ‘स्तन’ या नावाखालील नमुन्यात मेद पुष्कळ, दूधनलिकांच्या अस्तरपेशी थोड्या आणि त्यांतही इस्ट्रोजेन ग्राही असलेल्या पेशी आणखी थोड्या असतात. अशा नमुन्यात ईएसआर-१ कमी दिसले, तर पेशीत जनुक दबलेले आहे की तशा पेशीच कमी आहेत, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

उंदराच्या गर्भाशयाचे उदाहरण याहून डोळे उघडणारे आहे. अंडाशय काढलेल्या मादीला इस्ट्राडायोल दिले, की प्रोजेस्टेरॉन ग्राही गर्भाशयाच्या आतील अस्तरपेशींत घटतो आणि त्याच वेळी त्याखालील संयोजी पेशींत व स्नायूत वाढतो. संपूर्ण गर्भाशय वाटून आरएनए काढणाऱ्याला या दोन विरुद्ध हालचालींची बेरीज मिळते आणि तो प्रामाणिकपणे ‘किरकोळ बदल’ असे लिहितो. त्याची मोजणी बरोबर असते, पण ती मोजणी कुठल्याच पेशीची नसते. यावर उपाय दोन : एकपेशीय आरएनएचे सार्वजनिक डेटा पाहणे, किंवा विभागून रंगवलेले काप पाहणे. दोन्ही शक्य नसतील तर निदान अस्तरपेशींचे एखादे सूचक जनुक, जसे केराटिन-१८, शेजारी मोजावे, म्हणजे मिश्रणाचा अंदाज येतो.

प्रयोगशाळेत

पेशीवाण हवे असतील तर पुणेकर विद्यार्थी नशीबवान आहेत. विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे पेशीभांडार आहे. मात्र वाण म्हणजे ऊती नव्हे. हेप-जी-२ हा वाण यकृताच्या गाठीतून आलेला असला, तरी त्यात इस्ट्रोजेन ग्राही अल्फा जवळजवळ नसतो. ‘यकृतातील ईएसआर-१’ अभ्यासण्यासाठी तो घेणे म्हणजे मासा शोधायला पर्वतीवर जाणे होय. एमसीएफ-७ हा स्तनाचा वाण ईएसआर-१ साठी योग्य आहे आणि एमडीए-एमबी-२३१ हा ग्राही नसलेला वाण तुलनेसाठी ठेवता येतो.

इस्ट्रोजेनशी संबंधित प्रयोगांत पेशी वाढवण्याच्या माध्यमाकडे विशेष लक्ष द्यावे. नेहमीच्या माध्यमाला गुलाबी रंग देणारा फिनॉल रेड स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे १९८६ सालीच दाखवले गेले आहे, आणि वासराच्या रक्तजलातही संप्रेरके असतातच. म्हणून फिनॉल रेडविरहित माध्यम आणि कोळशाने संप्रेरके काढलेले रक्तजल घेऊन पेशी दोन-तीन दिवस आधी त्यावर आणाव्यात. हे न केल्यास ज्याला आपण ‘संप्रेरक न दिलेला’ नियंत्रण नमुना म्हणतो, त्यालाही संप्रेरक मिळालेलेच असते.

माणसाची किंवा प्राण्याची ऊती वापरायची असेल, तर संबंधित नीतिविषयक समितीची मान्यता पहिल्या महिन्यातच मागावी. समितीची बैठक आपल्या सत्राच्या वेळापत्रकाप्रमाणे भरत नाही. नमुना मिळाल्यावर तो अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड न ठेवता आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ताबडतोब बुडवावा. काही वर्षांपूर्वी मी स्वतः ऊतीचे तुकडे नुसत्या बर्फावर ठेवून रिक्षाने गणेशखिंडीकडे निघालो होतो आणि विद्यापीठ चौकातील कोंडीत बर्फाचे पाणी होताना पाहत बसलो होतो. चूक सर्वस्वी माझी, द्रावणाची बाटली माझ्याच टेबलावर होती. त्या आरएनएमध्ये शेपट्या मिळाल्या, सुरुवातीची टोके मिळाली नाहीत. आणखी एक स्थानिक सूचना : गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज किंवा पाणी बंद राहू शकते, तेव्हा आरएनए काढण्याचे काम त्या दिवशी ठेवू नये.

प्रायमरची रचना हा या प्रकल्पाचा गाभा आहे. पुढचा प्रायमर विशिष्ट पहिल्या एक्झॉनमध्ये आणि मागचा सर्वांना सामाईक असलेल्या एक्झॉनमध्ये ठेवावा, म्हणजे प्रत्येक प्रमोटरची प्रत वेगळी मोजता येते. शिवाय संकेताच्या मधल्या एक्झॉनांवर एक जोडी ठेवून एकूण ग्राही आरएनए मोजावा. वेगवेगळ्या प्रमोटरच्या प्रतींची बेरीज एकूण मापाशी साधारण जुळली पाहिजे. ती बरीच कमी भरली, तर आपल्या यादीत नसलेला एखादा प्रमोटर त्या ऊतीत काम करत असण्याची शक्यता आहे, आणि आराखड्यावरील प्रश्नचिन्हाकडे परत जाण्याची हीच वेळ. आरएनएवर डीएनएझ हे डीएनए तोडणारे विकर वापरावे आणि उलट-प्रतिलेखन न केलेला नमुनाही चालवावा.

वेगवेगळ्या प्रायमर जोड्यांच्या सीटी किमतींची (ठरावीक पातळी गाठायला लागलेल्या पीसीआर चक्रांची) थेट तुलना मात्र कधीही करू नये. एका जोडीची कार्यक्षमता १०० टक्के आणि दुसरीची ९० टक्के असेल, तर ३० चक्रांनंतर केवळ या फरकामुळे सुमारे ४.७ पट तफावत पडते. म्हणजे ‘यकृतात ई प्रमोटर ए पेक्षा चौपट सक्रिय’ हा निष्कर्ष प्रायमरमुळेही निघू शकतो. प्रत्येक जोडीसाठी ज्ञात संख्येच्या प्रती वापरून प्रमाणवक्र काढावा. उतार उणे ३.३२ च्या जवळ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के, आणि उणे ३.५८ ते उणे ३.१० या पल्ल्याबाहेर असेल तर प्रायमर बदलावा. ऊतींची तुलना करताना केवळ जीएपीडीएच या एका संदर्भ जनुकावर विसंबू नये, कारण तेच ऊतीगणिक बदलते. स्नायूत ते भरपूर असते. चार-पाच उमेदवार जनुके तपासून त्यांतील स्थिर दोन किंवा तीन निवडावीत.

मेथिलेशनविषयी, म्हणजे डीएनएला मिथाइल गट जोडला जाण्याविषयी, थोडक्यात सांगतो, कारण त्यावर विद्यार्थी गरजेपेक्षा अधिक भर देतात. बायसल्फाइट प्रक्रियेत मिथाइल गट नसलेले सायटोसीन बदलते आणि असलेले तसेच राहते. त्यावरून प्रमोटरमधील एकेक जागा वाचता येते. एमडीए-एमबी-२३१ मध्ये ईएसआर-१ च्या सुरुवातीचा भाग मेथिलेशनने झाकलेला आहे आणि ५-अझा-डीऑक्सीसायटिडीन दिल्यावर त्या जनुकाचे प्रतिलेखन काही प्रमाणात परत येते. हा वाण या कारणासाठी उत्तम आहे. परंतु निरोगी ऊतींमध्ये जनुक शांत असण्यामागे प्रत्येक वेळी मेथिलेशन असतेच असे नाही. नियंत्रक प्रथिनच हजर नसेल तर दार उघडे असूनही कोणी आत येत नाही.

आरएनएपासून प्रथिनापर्यंत

आरएनएच्या आकड्यावरून प्रथिनाचे विधान करू नये. ईएसआर-१ च्या त्या लांब शेपटीवर मायक्रोआरएनए-२०६ सारखे लहान आरएनए बसतात आणि प्रथिननिर्मिती कमी करतात. आणि एमसीएफ-७ मध्ये इस्ट्राडायोल बांधले गेल्यावर ग्राही प्रथिन स्वतःच लवकर मोडले जाते. प्रथिन मोजायचे तर प्रतिपिंड लागते, आणि तेथे सावधगिरी अधिक हवी. इस्ट्रोजेन ग्राही बीटा १९९६ साली सापडल्यापासून अनेक ऊतींत तो असल्याचे निबंध निघाले. २०१७ मध्ये १३ प्रतिपिंडांची कसून तपासणी झाली तेव्हा त्यांपैकी फक्त एकच नेमके ठरले, आणि त्याने पाहिले असता निरोगी स्तनात बीटा ग्राही आढळला नाही. म्हणून प्रतिपिंड वापरताना ग्राही नसलेल्या पेशी आणि ग्राही मुद्दाम व्यक्त करवलेल्या पेशी असे दोन्ही नमुने शेजारी चालवावेत.

ग्राही किती आहे आणि तो काय करतो, हे दोन प्रश्नही एकमेकांत मिसळू नयेत. टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनात इस्ट्रोजेनला विरोध करते आणि गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखे वागते. दोन्हीकडे ग्राही अल्फाच असतो, पण त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सहप्रथिनांचे प्रमाण वेगळे असते. याउलट थायरॉइड संप्रेरकाच्या बाबतीत ग्राही जनुकांची वाटणीच उपयोगी पडली : यकृतात बीटा ग्राहीचे, तर हृदयात अल्फाचे वर्चस्व असल्यामुळे, बीटाकडे झुकणारे रेस्मेटिरॉम हे औषध यकृताच्या मेदविकारासाठी मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. प्रस्तावनेत ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, तर आपण कोणता प्रश्न हाताळत आहोत हे परीक्षकाला लगेच कळते.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक वाक्यात पेशी किंवा ऊती, प्रजाती, प्रमोटर आणि मोजण्याची पद्धत या चारही गोष्टी यायला हव्यात. ‘ईएसआर-१ यकृतात वाढलेले आढळले’ असे न लिहिता, ‘माणसाच्या यकृताच्या अमुक नमुन्यांत ई प्रमोटरपासून निघालेल्या ईएसआर-१ प्रतींचा एकूण ईएसआर-१ प्रतींमधील वाटा, प्रमाणवक्रावर आधारित मोजणीनुसार, स्तनाच्या नमुन्यांपेक्षा अधिक होता’ असे लिहावे. वाक्य लांबते, त्याला इलाज नाही. आणि हाताने काढलेला तो पहिला आराखडा, लाल खुणा व प्रश्नचिन्हांसह, स्वच्छ करून पुन्हा न काढता तसाच प्रबंधाच्या परिशिष्टात लावावा; तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न त्यावरच येतात.